ट्रम्पेटर की टुंड्रा? हंस ओळखताना या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात ट्रम्पेटर आणि टुंड्रा अशा दोन जातींचे हंस उतरतात आणि त्यांच्यामागोमाग आमच्या मराठी व्हॉट्सॲप गटावर त्यांचे फोटो. मका कापलेल्या, बटाटे खणून झालेल्या शेतांत शेकडो पांढरे ठिपके. खाली कुणीतरी ठासून लिहितं, "ट्रम्पेटर!" लगेच दुसरा, "छे, टुंड्रा!" दोघांनीही तो पक्षी धड दहा सेकंद पाहिलेला नसतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक पिवळ्या ठिपक्याची. डोळ्यापुढच्या काळ्या कातडीवर पिवळा ठिपका दिसला तर तो जवळजवळ नक्की टुंड्रा, इथपर्यंत ठीक. पण ठिपका नाही म्हणजे ट्रम्पेटर, हे कुणी शिकवलं? साधारण दहातल्या एका टुंड्राला ठिपका नसतोच. काहींचा इतका बारीक की चोचीला चिखल लागला की गेला.

मला हे आत्यामुळे कळलं. ती पुण्याहून आली होती, तिला याच खोऱ्यातल्या फर आयलंडला हंस दाखवायला नेलं. रस्त्याकडेला गाडी लावली. जवळच एकटा हंस, चोच काळीभोर. मी लगेच ट्रम्पेटर ठरवून व्याख्यान सुरू केलं: पिसांसाठी आणि कातड्यासाठी इतकी शिकार झाली की १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत जेमतेम ६९ माहीत होते, आता साठ हजारांच्या वर गेलेत, वगैरे. आत्या थर्मासमधला चहा ओतत ऐकत होती. तेवढ्यात मागच्या शेतातून एक थवा उठून डोक्यावरून गेला. पों, पों. "अरे, हा तर जुन्या एसटीचा भोंगा," आत्या म्हणाली. आमचा हंस ढिम्म. थोड्या वेळानं दुसरा थवा आला, आवाज बारीक, कू-हू, कू-हू, आणि आमच्या साहेबांनी मान ताणून तसाच बारीक सूर लावला.

"मग हा का नाही भोंगा वाजवत?" आत्यानं विचारलं.

तो टुंड्रा होता. माझी नोंद तोवर यादीत गेलीही होती. घरी येऊन मुकाट्यानं बदलली.

तेव्हापासून माझी सवय अशी: इंजिन बंद, काच खाली, दुर्बीण मांडीवर. आधी कान. ट्रम्पेटरचं नावच त्याच्या भोंग्यासारख्या आवाजावरून पडलंय, तरी लोक गाडीत गाणी लावून, बंद काचेतून फोटो काढून पक्षी ओळखणाऱ्या ॲपला विचारतात. ॲप वाईट नाही. अर्धा किलोमीटरवरचा धुरकट फोटो वाईट.

आवाज मिळाला नाही तर डोकं नीट बघतो. ट्रम्पेटरचा डोळा काळ्या कातडीत बुडालेला असतो, टुंड्राचा काळ्याच्या कडेला वेगळा टेकलेला वाटतो. समोरून पाहिलं तर कपाळावर काळं-पांढरं भिडतं ती रेघ ट्रम्पेटरला टोकदार, टुंड्राला गोलसर नाहीतर जवळजवळ आडवी. चोचीची वरची कड ट्रम्पेटरची सरळ पाचरीसारखी, टुंड्राची किंचित खोलगट. यातल्या दोन खुणा जुळल्याशिवाय मी नाव घेत नाही. पक्षी खात असला तर मान वर काढेपर्यंत थांबायचं. घाई असेल त्यानं बागेतली बदकं बघावीत.

"मोठा वाटला म्हणून ट्रम्पेटर" हेही नेहमीचं. ट्रम्पेटर १०-१२ किलोचा, टुंड्रा ६-७ किलोचा, फरक चांगलाच आहे. पण दोघे शेजारी उभे असतील तरच तो उपयोगाचा. एकट्या हंसाला मोठा म्हणायचं ते कशाच्या मानानं?

चोचीच्या कडेची लाल रेघ: दोघांनाही असू शकते, सोडून द्या. मान तांबूस: पाण्याचिखलातल्या लोहाचा डाग, जात नव्हे. पंखांची टोकं काळी: तो हंसच नाही, स्नो गूस आहे.

राखाडी पिल्लांवरून डिसेंबरात काही ठरवू नका, तेव्हा दोघांचीही पिल्लं राखाडीच. टुंड्राची पिल्लं हिवाळा सरता सरता पांढरी व्हायला लागतात, ट्रम्पेटरची वसंत येईपर्यंत मळकी राहतात. मार्चमध्ये पूर्ण राखाडी पिल्लू दिसलं तर मात्र मी ट्रम्पेटरकडे झुकतो.

"काय फरक पडतो?" असं विचारणारे असतातच. युटा राज्यात परवाना काढून टुंड्राची शिकार करता येते, ट्रम्पेटर मारायला मनाई आहे. चुकून मारलेल्या ट्रम्पेटरांचा ठरलेला आकडा भरला की हंगामच बंद होतो. तिथे फरक पडतो.

आणि काहीच ठरलं नाही तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर "ट्रम्पेटर किंवा टुंड्रा" अशी एकत्र नोंद करता येते. नवशिक्यांना ती करायची लाज वाटते. गेल्या हिवाळ्यात मी अशा अकरा केल्या. बहुतेक धुक्यातल्या, आणि एक अशा हंसाची, ज्यानं पाऊण तास पंखाखालून डोकंच बाहेर काढलं नाही.