तणनाशकाची पेशींवर चाचणी: आधी सामू बघा

कोल्हापूर भागात बांधावर मारलं जाणारं ग्लायफोसेट मानवी पेशींवर तपासायचं, तर दुकानातली बाटली एकटी पुरत नाही. शुद्ध ग्लायफोसेटही लागतं. बाटलीत ग्लायफोसेटच्या क्षाराबरोबर ते पानात शिरावं म्हणून घातलेलं साबणासारखं द्रव्यही असतं, आणि पेशीचं आवरण बऱ्याचदा तेच फोडतं. नुसती बाटली वापरून ‘ग्लायफोसेटने पेशी मेल्या’ लिहिलंत, तर परीक्षक तिथेच अडवणार. बरोबरच आहे त्याचं.

हेप-जी-२ ही यकृताची पेशीमालिका पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागवता येते. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला १०० मायक्रोलिटर माध्यमात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, १०,००० पेशी टाका. कडेच्या ३६ वेलमध्ये फक्त पीबीएस (सामू स्थिर ठेवणारं मिठाचं द्रावण) भरा, कारण तिथलं पाणी लवकर उडतं आणि आकडे बिघडतात. पेशी २४ तास चिकटू द्या. पावसाळ्यात इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेला बुरशी धरते. तो दर आठवड्याला धुवा.

१० मिलिमोलरसाठी शुद्ध ग्लायफोसेट १६.९ मिलिग्रॅम, १० मिली माध्यमात. ४१ टक्के एसएलच्या (पाण्यात विरघळणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत लिटरला सुमारे ३६० ग्रॅम ग्लायफोसेट आम्ल धरा. तेवढ्याच डोससाठी ४७ मायक्रोलिटर पुरतं. त्यापुढे ३, १, ०.३, ०.१ असं ०.०१ पर्यंत उतरा. १५ लिटरच्या पंपात १०० मिली ओतलं की पंपातलं द्रावण साधारण १४ मिलिमोलर होतं. म्हणजे वरचा डोस फवारणाऱ्याच्या हातावर सांडणाऱ्या पाण्याच्या जवळचा आहे, त्याला रक्तातलं प्रमाण समजू नका.

सगळ्यात जास्त घोळ सामूत होतो. शुद्ध ग्लायफोसेट आम्ल आहे. १० मिलिमोलरला लाल माध्यम पिवळं पडतं आणि पेशी औषधाने नव्हे, आंबटपणाने मरतात. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून सामू ७.४ वर आणा, मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. एक संच मुद्दाम सामू न सुधारता ठेवा. दोन्ही आलेखांत तफावत आली, तर तेवढा परिणाम आम्लाचा.

अ‍ॅट्राझिन या दुसऱ्या तणनाशकाचं गणित वेगळं. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात विरघळवा. वेलमध्ये डीएमएसओ ०.१ टक्क्यावर जाऊ देऊ नका आणि तेवढंच डीएमएसओ घातलेले कंट्रोल वेल ठेवा. पाण्यात मिसळायची पावडर वापरू नका, तिच्यातल्या मातीने द्रावण गढूळ होतं.

२४ तासांनी औषध काढून १०० मायक्रोलिटर ताजं माध्यम आणि ५ मिग्रॅ प्रति मिलीचं एमटीटी १० मायक्रोलिटर घाला; जिवंत पेशी या पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळे स्फटिक करतात. ३७ अंशांवर, अंधारात, ३ ते ४ तास. द्रव हलक्या हाताने ओढा, हेप-जी-२ पटकन सुटते. जांभळे स्फटिक १०० मायक्रोलिटर डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचा, संदर्भासाठी ६३० ला. पेशी नसलेल्या वेलमध्येही औषध आणि एमटीटी टाकून बघा. तिथेच रंग आला तर तो वजा करावा लागेल.

एमटीटी जिवंत पेशींची चयापचयाची ताकद मोजतं, मृत्यू नाही. वाचन निम्मं आलं, तरी पेशी नुसत्या मंदावलेल्या असू शकतात. म्हणून जोडीला एलडीएच (आवरण फुटलं की पेशीतून बाहेर गळणारं विकर) चाचणी घ्या: बाटलीच्या औषधाने पहिल्या तासाभरातच एलडीएच बाहेर आलं आणि शुद्ध ग्लायफोसेटने नाही, तर संशय साबणासारख्या द्रव्यावर जातो. कर्करोगाबद्दल मात्र या प्लेटवरून काहीच लिहू नका. एकाच प्लेटमधले सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा करा, आणि माध्यमात सीरम किती टक्के होतं ते प्रत्येक वेळी नोंदवा.