सोयाबीनची पट्टी वर्षभर पुरवली ती अशी

आमच्या औशाकडं सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, दिवाळीच्या आगंमागं हातात येते. ती उन्हाळ्यापर्यंत संपायची आणि पेरणीला पुन्हा आडत्याकडून उचल. व्याज शेकडा तीन, तेही महिन्याला. म्हणजे वर्षाचे 36 टक्के. 72 ला व्याजाच्या टक्क्यानं भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते त्याचा अंदाज येतो. 72 ला 36 नं भागून बघा: व्याज मुद्दलात चढत गेलं तर साधारण दोन वर्षांत कर्ज दुप्पट! वडिलांच्या काळापासून हेच चाललं होतं.

आधी उचल बंद केली आणि बँकेतून पीककर्ज काढलं. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं की केंद्राच्या सवलतीनं व्याज 4 टक्क्यांवर येतं, त्यातलंही बरंचसं पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सोसतं. तारीख हुकली की सवलत गेली. म्हणून पट्टी आली की पहिल्यांदा बँकेचे पैसे बाजूला.

मग बी-खताची रक्कम मेमध्ये सुटेल अशा मुदत ठेवीत. घरखर्च निराळ्या खात्यातून, दरमहा ठरावीक. त्या खात्याचं एटीएम कार्ड बायकोनं मागून घेतलं. खरं सांगू? निम्मा फरक त्यानंच पडला.

शिल्लक राहील ते पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या लांब मुदतीच्या बचत खात्यात. 15 वर्षांचं खातं, वर्षाला कमाल दीड लाख, पण किमान फक्त 500. पावसानं दगा दिला त्या वर्षी 500 च भरले, खातं मात्र चालू ठेवलं.

भावकीतल्या लग्नांचा आहेर तेवढा अजून आटोक्यात नाही. कुणी त्यावर तोड काढली असेल तर सांगा.