ड्रम कोअर अजिंक्यपद: प्रयोगावर आणि गुणांवर चर्चा कशी करावी

ड्रम कोअर म्हणजे पितळी फुंकवाद्ये (ब्रास), तालवाद्ये (पर्कशन) आणि ध्वज-रायफली खेळवणारे नर्तक यांचे, मैदानावर आकृत्या रचत चालणारे पथक. ऑगस्टमधल्या एका शनिवारी रात्री अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या, म्हणजे डीसीआयच्या, जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी होते. बारा पथके आपापला अकरा-बारा मिनिटांचा प्रयोग सादर करतात, निकाल जाहीर होतो आणि चाहत्यांची चर्चा सुरू होते. ही चर्चा बहुधा एकाच आकड्याभोवती फिरते: एका पथकाला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले, दुसऱ्याला सत्त्याण्णव, म्हणून कोणावर तरी अन्याय झाला किंवा झाला नाही. वास्तविक एकूण गुणांचा हा आकडा चर्चेसाठी सर्वांत कमी उपयोगाचा आहे. तो ज्या स्तंभांच्या, म्हणजे गुणतक्त्यातील वेगवेगळ्या भागांच्या, बेरजेतून तयार होतो ते स्तंभ वाचता आले आणि आपण मैदानात काय पाहिले हे त्यांच्याशी जोडता आले, तरच परीक्षकांशी सहमती किंवा असहमती अर्थपूर्ण ठरते.

आधी प्रयोग, मग आकडा

शक्य असेल तेव्हा गुण जाहीर होण्यापूर्वी आपली निरीक्षणे लिहून ठेवावीत. आकडा एकदा कळला की स्मरणशक्ती त्याच्या बाजूने झुकते. पहिल्या आलेल्या पथकाचा ब्रास विभाग आपल्याला आठवतानाच अधिक भरदार वाटू लागतो. टिपणे मोठी असण्याची गरज नाही. प्रयोग कोणत्या क्षणी मनाला भिडला, कोणत्या ठिकाणी लक्ष विचलित झाले, वेगवान चालीत सूर आणि लय टिकली का, हवेत फेकलेले ध्वज आणि नकली रायफली एकाच वेळी हातात आल्या का, एवढे नोंदवले तरी पुढच्या वादासाठी पुरेसा आधार मिळतो.

आपण प्रयोग कोठून पाहिला हेही त्या टिपणात असावे, कारण या कलेत जागेने मत बदलते. खालच्या रांगांत बसलेल्या प्रेक्षकाला वादकांचे चेहरे, एकट्या वादकाचा स्वर आणि ड्रमलाइनच्या, म्हणजे चालत वाजवणाऱ्या ड्रमवादकांच्या, काठ्यांची उंची दिसते, पण मैदानभर पसरलेली आकृती त्याला नीट कळत नाही. वरच्या मजल्यावरून आकृती स्पष्ट दिसते आणि सगळ्या विभागांचा समतोलही अधिक चांगला ऐकू येतो. बंद छताच्या स्टेडियममध्ये आवाज घुमतो, त्यामुळे बाजूच्या जागेवर बसलेल्याला पुढच्या आणि मागच्या वाद्यांचा मेळ चुकल्यासारखा वाटू शकतो, जरी तो मध्यभागी बरोबर पोहोचत असला तरी. घरी पडद्यावर पाहणाऱ्याने आणखी सावध राहावे. जवळचे दृश्य दाखवणारा कॅमेरा एका वादकाच्या चेहऱ्यावर स्थिरावलेला असताना उरलेल्या मैदानावर काय चालले आहे हे त्याला कळतच नाही. म्हणून व्हिज्युअल, म्हणजे चाल, आकृत्या आणि हालचाली यांच्या, विभागाबद्दल ठाम विधान करण्याआधी संपूर्ण मैदान दाखवणारे उंचावरचे चित्रीकरण पाहिलेले असावे.

शंभर गुण कसे तयार होतात

डीसीआयच्या सध्याच्या पद्धतीत जनरल इफेक्टला, म्हणजे प्रयोगाच्या एकूण परिणामाला, ४०, व्हिज्युअलला ३० आणि संगीताला ३० गुण असतात. जनरल इफेक्टचे दोन भाग असून प्रत्येक भाग २० गुणांचा असतो आणि दोन्ही पूर्ण मोजले जातात. व्हिज्युअलमध्ये व्हिज्युअल प्रोफिशियन्सी (चाल आणि हालचालींचे कौशल्य), व्हिज्युअल अ‍ॅनालिसिस (संपूर्ण दृश्य रचना) आणि कलर गार्ड (ध्वज-रायफली खेळवणारे नर्तक) असे तीन स्तंभ आहेत. संगीतात ब्रास, म्युझिक अ‍ॅनालिसिस (सर्व संगीत एकत्र) आणि पर्कशन असे तीन. हे सहाही स्तंभ प्रत्येकी २० गुणांचे असतात, परंतु प्रत्येक विभागातील तिन्ही स्तंभांची बेरीज जास्तीत जास्त ६० होते आणि ती निम्मी करून ३० पैकी धरली जाते. नियमभंगाचा दंड असल्यास तो शेवटी वजा होतो.

निम्मे करण्याची ही बाब बहुतेक वादांत विसरली जाते, आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, एका पथकाला जनरल इफेक्टच्या दोन भागांत १९.४० आणि १९.३० मिळाले, त्याचे ३८.७० झाले. व्हिज्युअलच्या तीन स्तंभांत १९.१, १९.३ आणि १९.० मिळून ५७.४, म्हणजे निम्मे २८.७०. संगीतात ब्रासला १९.५, म्युझिक अ‍ॅनालिसिसला १९.३ आणि पर्कशनला १८.८ मिळून ५७.६, म्हणजे २८.८०. एकूण ९६.२०. आता कोणी म्हणाले की पर्कशनने या पथकाचे नुकसान केले, तर हिशेब करून पाहावा. पर्कशनचे गुण १८.८ वरून १९.२ झाले असते, म्हणजे चार दशांशांनी वाढले असते, तरी एकूण गुण फक्त ०.२० ने वाढले असते. तेवढीच वाढ जनरल इफेक्टच्या एका भागात झाली असती, तर एकूण गुणांत पूर्ण ०.४० ची भर पडली असती. वरच्या पथकापासूनचे अंतर अर्ध्या गुणाचे असेल, तर त्याचे कारण एकट्या ड्रमलाइनमध्ये शोधणे गणितातच बसत नाही.

अजिंक्यपदासारख्या मोठ्या स्पर्धेत काही स्तंभांसाठी एकाऐवजी दोन परीक्षक असतात आणि त्यांच्या गुणांची सरासरी घेतली जाते. सरासरी आणि निम्मे करणे या दोन्ही क्रियांमुळेच अंतिम गुण तीन दशांश स्थळांपर्यंत जातात. दोन परीक्षक असलेल्या म्युझिक अ‍ॅनालिसिसमध्ये एका परीक्षकाने दिलेला एक दशांश जास्त गुण एकूण गुणांत अवघा ०.०२५ होऊन उतरतो. २००८ साली ब्लूमिंग्टन येथील अंतिम फेरीत फँटम रेजिमेंटला ९८.१२५ आणि ब्लू डेव्हिल्सला ९८.१०० गुण मिळाले, आणि अजिंक्यपद त्या ०.०२५ ने ठरले. इतक्या लहान फरकावर एक पथक दुसऱ्यापेक्षा निर्विवाद श्रेष्ठ होते असे म्हणता येत नाही. परीक्षकांच्या पॅनेलने त्या रात्री दोघांना जवळजवळ समान मानले, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. १९९६, १९९९ आणि २००० या वर्षी तर अंतिम फेरीत पहिल्या क्रमांकासाठी बरोबरीच झाली होती.

रीकॅप वरून खाली वाचावा

सर्व पथकांचे सर्व स्तंभांतील गुण दाखवणाऱ्या तक्त्याला चाहते रीकॅप म्हणतात. नवखा वाचक तो आडवा वाचतो: एका पथकाच्या ओळीत सर्वांत मोठा आकडा कोणता आणि सर्वांत लहान कोणता हे पाहून तो त्या पथकाची ताकद आणि कमजोरी ठरवतो. ही पद्धत फसवी आहे, कारण प्रत्येक परीक्षक आपल्या स्तंभात पथकांना एकमेकांच्या तुलनेत क्रम लावतो आणि त्यांच्यातील अंतर ठरवतो, एकाचे १९.२ आणि दुसऱ्याचे १९.२ समान अर्थाचे असतीलच असे नाही. एखाद्या परीक्षकाचा सर्वोच्च आकडा १९.३ असेल, तर त्याच्याकडचे १९.२ उत्कृष्ट आहेत. दुसऱ्याचा सर्वोच्च आकडा १९.८ असेल, तर तेच १९.२ पाचव्या-सहाव्या क्रमांकाचे असू शकतात.

म्हणून एका परीक्षकाचा स्तंभ घेऊन तो वरून खाली वाचावा. त्याने कोणाला पहिला क्रमांक दिला, पहिल्या आणि दुसऱ्यात किती अंतर ठेवले, कोणती पथके एका गटात बांधली आणि कोठे मोठी दरी सोडली, हे पाहावे. अंतर एका दशांशापेक्षा कमी असेल, तर परीक्षकाला ती पथके जवळपास सारखी वाटली; तीन-चार दशांश असेल, तर त्याने स्पष्ट फरक ऐकला किंवा पाहिला. त्यानंतर आपली टिपणे त्या स्तंभाशेजारी ठेवावीत. कलर गार्डच्या परीक्षकाने ज्याला चौथा क्रमांक दिला त्याला आपण पहिला मानला असेल, तर खरी चर्चा येथून सुरू होते, कारण आता मतभेद नेमक्या एका गोष्टीबद्दल आहे.

आशय आणि सफाई

प्रत्येक स्तंभात पुन्हा दहा-दहा गुणांचे दोन भाग असतात. जनरल इफेक्टमध्ये एक भाग रचनेच्या परिणामासाठी आणि दुसरा सादरीकरणाच्या परिणामासाठी. इतर सहा स्तंभांत एक आशयासाठी आणि दुसरा साध्य केलेल्या दर्जासाठी. सादर करायला दिलेले काम कोणत्या प्रतीचे आहे हे पहिल्या भागात पाहिले जाते आणि ते कितपत साधले हे दुसऱ्या भागात. एका पथकाला आशयात ९.८ आणि दर्जात ९.५ मिळाले, तर त्याचे काम कठीण व समृद्ध होते पण पूर्ण बसले नव्हते, असे परीक्षक सांगत असतो. दुसऱ्याला ९.६ आणि ९.७ मिळाले, तर हातात आलेले काम त्याने उत्तम निभावले. दोघांचीही बेरीज १९.३ होते, आणि केवळ बेरीज पाहणाऱ्याला ही दोन पथके सारखी वाटतात. मला या तक्त्यात सर्वांत जास्त मोल याच दोन आकड्यांचे वाटते. कठीण काम जवळजवळ साधणारे पथक आणि थोडे सोपे काम निर्दोष करणारे पथक यांपैकी कोणाला पसंती द्यावी या प्रश्नावर चाहत्यांना खरोखर चर्चा करता येते, आणि त्याचे उत्तर आवडीनुसार बदलले तरी दोन्ही बाजूंकडे चांगले युक्तिवाद असतात.

याच ठिकाणी एक जुना गैरसमज दूर करावा लागतो. एखादी रायफल हातातून निसटली किंवा ट्रम्पेटचा एक स्वर फुटला, की तरीही इतके गुण कसे, असा प्रश्न हमखास येतो. पूर्वी चुकीगणिक गुण कापण्याची, टिक नावाने ओळखली जाणारी पद्धत होती. ती १९८४ च्या हंगामापासून बंद झाली. आता परीक्षक संपूर्ण प्रयोगातील दर्जा पाहून गुण उभारत जातो. त्यामुळे एकाच चुकीचा वेगळा दर ठरलेला नाही, आणि निसटलेली एक रायफल मोजून दुसऱ्या क्रमांकाचा अन्वयार्थ लावता येत नाही. वारंवार होणाऱ्या, विशिष्ट प्रकारच्या कामात दिसणाऱ्या त्रुटी मात्र दर्जाच्या आकड्यात निश्चित उतरतात. चर्चेत त्यांच्याबद्दल बोलावे.

येथे एका गोष्टीची आठवण ठेवावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मैदानातील वादक आणि नर्तक तरुण आहेत, वयाच्या मर्यादेमुळे त्यांतील अनेकांचा हा शेवटचा प्रयोग असतो, आणि ते वेतन घेत नाहीत. विभागाबद्दल, रचनेबद्दल, मांडणीबद्दल परखड बोलावे. एकल वादन करणाऱ्या मुलाच्या फुटलेल्या स्वरावर बोट ठेवून त्याची ओळख शोधू नये.

पक्षपाताचा आरोप

परीक्षक पथकाचे नाव पाहून क्रम लावतात, हा आरोप दरवर्षी होतो. तो करण्याआधी गुरुवारची प्राथमिक फेरी, शुक्रवारची उपांत्य फेरी आणि शनिवारची अंतिम फेरी यांचे तिन्ही रीकॅप शेजारी ठेवावेत. तिन्ही रात्रींचे पॅनेल वेगवेगळे असते. वेगवेगळ्या परीक्षकांनी स्वतंत्रपणे एकाच पथकाला त्याच विभागात वर ठेवले असेल, तर पूर्वग्रहापेक्षा ते पथक त्या विभागात खरोखर मजबूत असण्याची शक्यता अधिक. क्रम रात्रीगणिक फिरत असेल, तर ठरवून ठेवलेल्या जागांचा आरोप तसाही टिकत नाही. उलट, एकाच परीक्षकाचा क्रम इतर सर्वांपेक्षा फार वेगळा असेल, तर त्या स्तंभाबद्दल प्रश्न विचारणे रास्त आहे, आणि तो प्रश्न स्तंभाचे नाव घेऊन विचारावा.

रात्रींची तुलना करताना गुणांच्या वाढीने भुलू नये. एका पथकाचे गुण शुक्रवारहून शनिवारी ०.४ ने वाढले, पण वरच्या सर्व पथकांचेही तेवढेच वाढले, तर त्याने काही कमावले नाही. पाहायचे असते ते अंतर. अंतिम क्रमांक केवळ शनिवारच्या गुणांवर ठरतो, तर ब्राससाठीचा जिम ऑट पुरस्कार, पर्कशनसाठीचा फ्रेड सॅनफर्ड पुरस्कार किंवा कलर गार्डसाठीचा जॉर्ज झिंगाली पुरस्कार तिन्ही रात्रींच्या सरासरीवर दिला जातो. म्हणून शनिवारी एखाद्या विभागात पहिले आलेले पथक त्या विभागाचा पुरस्कार घेऊन जाईलच असे नाही, आणि त्यात कोणतीही गडबड नसते.

वर्षावर्षांची तुलना

२०१४ साली ब्लू डेव्हिल्सने ९९.६५० गुण मिळवून विक्रम केला. त्यावरून तो प्रयोग इतिहासातील सर्वश्रेष्ठ ठरतो असे मांडणे चुकीचे आहे, कारण गुण त्या रात्रीच्या इतर पथकांच्या तुलनेत आणि त्या वर्षीच्या निकषांवर दिलेले असतात. निकषांप्रमाणे साधनेही बदलत गेली. ध्वनिवर्धनाला २००४ पासून आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांना २००९ पासून परवानगी आहे, तर २०१४ पासून ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न यांसह सर्व ब्रास वाद्ये चालतात. जुन्या आणि नव्या प्रयोगांची तुलना करायची असेल, तर गुण बाजूला ठेवून रचना, मागणी आणि सादरीकरण यांच्या भाषेत करावी, आणि दोन्ही प्रयोगांचे उंचावरचे चित्रीकरण मिळत असेल तर ते सलग पाहून मगच मत मांडावे.