बंद सॉफ्टी मशीन उघडण्यापूर्वी: सर्व्हिसिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाण्याच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून मी सॉफ्टी मशीनच्या सर्व्हिसिंगमध्ये आलो, तेव्हा बंद मशीन म्हणजे बिघडलेले मशीन, एवढीच माझी समजूत होती. गॅस भरणे, ब्रेझिंग करणे, कॉम्प्रेसर तपासणे हे शिकलेले काम घेऊन मी घोडबंदर रोडपासून सीवूड्सपर्यंत फास्ट फूडच्या दुकानांत फिरू लागलो. आता या कामात येणाऱ्या मुलामुलींना मी सर्वांत आधी सांगतो ते असे की, ‘आइस्क्रीम मशीन बंद आहे’ अशी पाटी लागते तेव्हा पुष्कळदा आतला एकही भाग तुटलेला नसतो. रात्रीची हीट ट्रीटमेंट, म्हणजे जंतू मारण्यासाठी आतले मिक्स तापवून पुन्हा थंड करणे, पुरी झाली नाही, म्हणून मशीनने स्वतःला लॉक करून घेतलेले असते.

हे समजण्यासाठी मशीन कसे चालते ते नीट पाहावे लागते. वरच्या हॉपरमध्ये दुधाचे पातळ मिक्स सुमारे ४ अंश सेल्सिअसवर साठवलेले असते. ते खालच्या सिलिंडरमध्ये उतरताना त्यात हवा मिसळते, सिलिंडरची भिंत बाहेरून गॅसने थंड होते आणि आत फिरणारा बीटर त्या भिंतीवर धरणारा बर्फाचा थर सतत खरवडत राहतो. मिक्स पुरेसे घट्ट झाले की नाही, हे मशीन बीटरच्या मोटरवर येणाऱ्या भारावरून ओळखते. पण दुधाचा पदार्थ ५ ते ६० अंशांच्या दरम्यान रेंगाळला, तर त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि लिस्टेरियासारखा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. म्हणून हीट ट्रीटमेंटची सोय असलेले मशीन रोज रात्री आतले मिक्स ६६ अंशांच्या आसपास तापवते, अर्धा तास तेवढ्याच तापमानावर ठेवते आणि पुन्हा ५ अंशांच्या खाली आणते. या सगळ्याला साधारण चार तास लागतात. मधला एखादा टप्पा ठरलेल्या वेळेत गाठला गेला नाही, तर सकाळी पडद्यावर फक्त लॉकचा संदेश दिसतो. मला ही अडवणूक योग्यच वाटते, कारण काउंटरपाशी कोन घ्यायला उभी असतात ती बहुतेक लहान मुले असतात.

माझा पहिला एकट्याचा कॉल वाशीचा होता, आणि दिवस रविवारचा. मी पोहोचताच पॅनेल उघडले, गेज लावले, प्रेशर पाहिले, कॉम्प्रेसरचा करंट मोजला. सगळे ठीक होते. दोन तास असेच गेल्यावर मी आमच्या वरिष्ठ मेकॅनिक दादांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “रात्री हॉपरमध्ये मिक्स किती होतं, ते विचारलंस का?” क्लोजिंगच्या मुलाने सकाळची घाई टळावी म्हणून हॉपर काठोकाठ भरून ठेवला होता आणि एवढे मिक्स वेळेत तापले नव्हते. मी आल्याबरोबर पातळी योग्य करून हीट ट्रीटमेंटची सायकल पुन्हा लावली असती, तर दुपारपर्यंत सॉफ्टी सुरू झाली असती. ती सुरू व्हायला संध्याकाळ उलटली. तेव्हापासून टूलकिट उघडण्यापूर्वी मी रात्रपाळीच्या मुलांशी बोलतो. मिक्स किती होते, मध्येच वीज गेली होती का, मशीन शेवटचे कधी खोलून धुतले, एवढे तरी विचारतोच.

खरे बिघाडही असतात. आपल्याकडे त्यांचे मोठे कारण म्हणजे कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा भाग. फ्रायरमधून उडालेले तेल आणि पीठ त्याच्या पात्यांवर थापले जाते, मे महिन्यात स्वयंपाकघर आधीच तापलेले असते, आणि मग कॉम्प्रेसर कितीही चालला तरी मिक्स घट्ट होत नाही. दुसरे कारण हातातले आहे. धुण्यासाठी भाग खोलले की जोडताना एखादी ओ-रिंग (सांधा घट्ट बसवणारी रबरी कडी) राहते, किंवा तिला फूड-ग्रेड ग्रीस लावलेले नसते, आणि मशीन गळू लागते. बीटरची झिजलेली ब्लेड मात्र सहसा हळूहळू कळते.

अमेरिकेत हा विषय कायद्यापर्यंत गेला. मॅकडोनल्ड्सच्या दुकानांतील टेलर कंपनीच्या मशीनचे संदेश कर्मचाऱ्यांना समजेनात, तेव्हा किच नावाच्या छोट्या कंपनीने आतली माहिती मोबाइलवर दाखवणारे उपकरण आणले. नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकडोनल्ड्सने आपल्या शाखाचालकांना ते काढून टाकण्यास सांगितले आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने दुकानांतील खाद्य-यंत्रांच्या दुरुस्तीसाठी डिजिटल कुलूप ओलांडण्याची मुभा दिली. हे तुम्हाला सांगण्याचे कारण असे की, पडद्यावरचा संदेश साध्या भाषेत समजावून सांगणे हा आपल्या कामाचाच भाग आहे. मी प्रत्येक दुकानात मशीनच्या बाजूला मराठी आणि हिंदीत लिहिलेला कागद चिकटवतो. हॉपरमध्ये मिक्स कुठपर्यंत हवे, सायकल चालू असताना काय करू नये आणि कोणता संदेश आला की आम्हाला फोन करावा, एवढेच त्यावर असते. वाशीच्या त्या दुकानात तो कागद तेलकट होऊन फाटला, तेव्हा तिथल्या मॅनेजर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात त्याची प्रत काढून लावली.