कडीचा आवाज आधी, दार नंतर

कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आम्ही तीन रात्री शूट केलं. कॉलेजच्या भयपटाचा टीझर माझ्याकडे आला तेव्हा हातात तीन तासांहून जास्त फुटेज होतं आणि टीझर हवा होता मिनिटाच्या आत.

माझा पहिला कट १ मिनिट ५० सेकंदांचा झाला. त्यात वाडा होता, मुलगी होती, जिन्यावरची म्हातारी होती, तिचा चेहराही होता. दिग्दर्शक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "अरे, सगळं इथंच कळलं. मग फिल्म कशाला बघायची?"

त्या रात्री मी चित्र बंद करून नुसता आवाज लावत बसलो. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात जुने सिनेमे बघताना एक सवय लागली होती: दार दिसण्याआधी त्याचा आवाज येतो का, हे टिपायची. आमच्याकडे माजघराच्या कडीचा सुंदर आवाज होता. तो मी आधीच्या शॉटवर, मुलगी पाणी पीत असतानाच सुरू केला. दार नंतर दिसतं. एवढ्या एका बदलानं सीन बदलला. मग कडी वाजल्यावर ८ फ्रेम पूर्ण काळा पडदा ठेवला. सेकंदाला २५ फ्रेम धरले तर हा सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा, पण बघणाऱ्याचा श्वास तिथंच अडकतो. १२ फ्रेम ठेवून पाहिले, तर ताण सैल पडला. ही मोजणी पुस्तकातून येत नाही, एकेक फ्रेम काढून-घालूनच कळते.

शांततासुद्धा रेकॉर्ड करावी लागते. रिकाम्या खोलीचा, कुणीही न बोलता घेतलेला मिनिटभराचा आवाज प्रत्येक लोकेशनवर घ्याच. आम्ही एका खोलीत तो घेतला नव्हता, त्यामुळे दोन शॉटच्या मध्ये आवाज एकदम मेल्यासारखा व्हायचा. पुन्हा पहाटे तीनला वाड्यात जावं लागलं, कारण त्याआधी रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज थांबत नाही.

तांत्रिक बाबी थोडक्यात. मोबाइलच्या शॉटचा फ्रेमरेट बऱ्याचदा स्थिर नसतो. लांब टेकमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू सुटत जातात. एडिटला बसण्याआधीच हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइली सेकंदाला २५ फ्रेमवर स्थिर करून घ्या. एडिटसाठी दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आम्हाला पुरली. खालचा ४०-५० हर्ट्झचा घुमारा हेडफोनवर अंगावर येतो, पण मोबाइलच्या स्पीकरवर जवळपास गायब होतो, म्हणून त्याच्यावर थोडा वरच्या पट्टीतला खरखरीत आवाज चढवा. आणि अंधार फार गडद करू नका. अपलोड झाल्यावर काळ्या भागात चौकोन उमटतात.

राहिला म्हातारीचा चेहरा. मेकअपला तीन तास लागले होते, काढताना जीव तुटला. टीझरमध्ये आता फक्त तिची पाठ आहे, ओले केस आणि जिन्याच्या कठड्यावर टेकलेली बोटं. कट ५४ सेकंदांचा झाला. मैत्रिणीनं तो पाहिला आणि खोलीतला दिवा लावायला उठली.