किटच्या साहाय्याने घरी पहिली बिअर कशी करावी

बिअरच्या किटमध्ये साधारणतः हॉप्स (बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी फुले) मिसळलेल्या घट्ट माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) अर्काचा दीड ते पावणेदोन किलोंचा डबा आणि कोरड्या यीस्टची पुडी असते. धान्यातून साखर उतरवणे, ती गाळणे आणि हॉप्ससह उकळणे ही जिकिरीची कामे उत्पादकाने आधीच उरकलेली असतात, त्यामुळे नवख्याची बिअर बिघडते ती बहुधा घाईने किंवा अस्वच्छतेने. घरगुती मद्यनिर्मितीचे कायदे ठिकठिकाणी वेगळे असून काही ठिकाणी ती परवान्याशिवाय गुन्हा ठरते. तेव्हा किट विकत घेण्याआधीच नियम पाहून घ्यावेत.

झाकण, तोटी आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप) असलेली सुमारे ३० लिटरची खाद्योपयोगी प्लास्टिकची बादली आणि हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता मोजणारे साधन; साखर आंबत जाते तशी ही घनता उतरते) एवढे साहित्य सुरुवातीला पुरते. थंड मिश्रणाला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू आधी धुऊन, मग निर्जंतुक करून घ्यावी. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, कारण चिकटलेल्या मळाखाली निर्जंतुक द्रावण पोहोचत नाही. बादलीची तोटी सुटी करून धुवावी. जंतू लपून राहण्याची ती हमखास जागा आहे.

अर्काचा डबा थोडा वेळ गरम पाण्यात ठेवला की अर्क सहज ओतता येतो. दोन-तीन लिटर उकळत्या पाण्यात अर्क आणि सूचनापत्रात सांगितलेली साखर पूर्ण विरघळवावी व थंड पाणी घालून एकूण मिश्रण २० ते २३ लिटर करावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे बिअरला औषधासारखी चव येऊ शकते, म्हणून ते आधी उकळून गार केलेले बरे. यानंतर मिश्रण जोरजोरात ढवळावे, कारण वाढीच्या सुरुवातीला यीस्टला प्राणवायू लागतो. एकदा आंबणे सुरू झाले की मात्र तोच प्राणवायू चव बिघडवतो. हायड्रोमीटरचे पहिले माप टिपून ठेवावे आणि तापमान २० अंश सेल्सियसच्या आसपास आले की यीस्ट भुरभुरावे.

बहुतेक किटमधील एल (साधारण खोलीच्या तापमानात आंबवली जाणारी बिअर) यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. आंबताना मिश्रण स्वतःही उष्णता सोडते आणि बादलीतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी चढते. फार चढल्यास बिअरला उग्र, फळांसारखा वास येतो. सूचनापत्रांत अनेकदा पाच-सहा दिवसांत बाटल्या भरण्यास सांगितलेले असते, तो सल्ला मला घाईचा वाटतो. दोन आठवडे थांबणे अधिक सुरक्षित. एअरलॉकमधील बुडबुड्यांवरही विसंबू नये, कारण झाकण किंचित सैल असले तरी ते दिसत नाहीत. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली हायड्रोमीटरची मापे सारखी आली आणि ती अपेक्षेइतकी खाली उतरलेली असली, तरच किण्वन (आंबणे) संपले असे समजावे. पहिले माप १.०४२ आणि शेवटचे १.०१० असेल, तर त्यांतील फरकाला १३१ ने गुणून मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४.२ टक्के येते.

बाटलीत फेस यावा म्हणून दर लिटरमागे सुमारे सहा ग्रॅम साखर पुरते. ती थोड्या पाण्यात उकळून गार करावी, निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या बादलीत ओतावी आणि तळाचा गाळ मागे ठेवून बिअर नळीने तीवर अलगद उतरवावी. साखर जास्त झाली किंवा किण्वन अर्धवट राहिले, तर काचेची बाटली फुटून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून दाब सहन करणाऱ्याच बाटल्या वापराव्यात. पहिल्या खेपेला तर सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या सोयीच्या, कारण त्या दाबून पाहिल्या की आत वायू किती साठला आहे हे कळते. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून त्या घट्ट बंद कराव्यात आणि अंधारात ठेवाव्यात, कारण प्रकाशाने हॉप्समधील घटक बिघडून दुर्गंधी येते.

खोलीच्या तापमानात दोन आठवडे ठेवल्यावर एक बाटली दोन दिवस थंड करून उघडावी. वायू कमी वाटला तर उरलेल्या बाटल्या आणखी आठवडाभर तशाच राहू द्याव्यात. ग्लासात ओतताना बाटली एका धारेत रिकामी करावी आणि गाळ गळ्याशी येताच थांबावे. तो अपायकारक नसतो, पण बिअर गढूळ होते आणि यीस्टची चव उतरते.