व्हिक्टोरियन पब बघायचाय? आधी बाहेर थांबून दारं मोजा

लंडनला गेलं की लोक राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या जुन्या पबमधे शिरतात, दिव्यांचा एक फोटो काढतात आणि बाहेर पडतात. तसं करू नका. आधी समोरच्या फुटपाथवर उभं राहून दारं मोजा. एवढ्याशा बिल्डिंगला तीन-चार दारं कशाला, तर आत पार्टिशन टाकून कप्पे केलेले असायचे, कामगारांसाठी स्वस्तातला पब्लिक बार, जरा बऱ्या लोकांसाठी सलून (म्हणजे जरा चांगली बैठक, केस कापायचं नव्हे) किंवा प्रायव्हेट बार, आणि बियर भांड्यात भरून घरी न्यायची तर त्याची वेगळीच खिडकी. नंतरच्या मालकांनी बहुतेक ठिकाणी पार्टिशनं उखडून टाकली (वाईट वाटतं खरंच), पण बंद पडलेल्या दाराच्या काचेवर 'प्रायव्हेट बार' अजून दिसतं कधीकधी, म्हणजे कप्पा कुठे होता ते कळलं. तळमजल्याला बाहेरून चकचकीत टाइल्स असतील तर तो नुसता शो नाही, कोळशाच्या धुराची काजळी पाण्याने धुऊन निघायची.

आत गेल्यावर पहिली काच बघा. इंग्लंडमधे काचेवरचा टॅक्स १८४५ मधे गेला आणि मोठ्या काचा परवडायला लागल्या. खिडकीवरच्या नक्षीला हात लावा, खरखरीत लागली तर ॲसिडने केलेली, खोल खाच लागली तर चाकावर कापलेली. उजेड आत यावा पण रस्त्यावरून कोण पितंय ते दिसू नये हा सगळा खटाटोप.

कप्पे शाबूत बघायचे असतील तर लंडनच्या मेडा व्हेल भागातला प्रिन्स आल्फ्रेड पब गाठा. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं दार इतकं बुटकं की चक्क वाकून जावं लागतं, आणि काउंटरवर तोंडाच्या उंचीला फिरत्या काचा, म्हणजे ग्लास खालून सरकवायचा पण साहेबांचं तोंड बारवाल्याला दिसायला नको! बेलफास्टच्या क्राउन पबमधे तर दार लावून बसायच्या खोल्या आहेत, आत बेल, काडी ओढायला धातूची पट्टी. १९७८ पासून तो नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

पण दिसेल ते सगळं जुनंच असं धरून चालू नका. लंडनमधल्याच हॉबर्नच्या प्रिन्सेस लुईस पबची सजावट १८९१ ची, कप्पे मात्र २००७-०८ च्या सुमारास परत बसवलेत, आणि इतके बेमालूम की सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून जमीन आणि छत दोन्ही बघायचं, मोझॅकमधे मधेच सरळ पट्टी किंवा छताच्या नक्षीत तुटकपणा दिसला की तिथे भिंत होती समजा. छत बऱ्याचदा गडद लाल-तपकिरी असतं, तंबाखूच्या धुराने पिवळं पडलेलं कळू नये म्हणून.

लिव्हरपूलच्या फिलहार्मोनिक पबमधे जेन्ट्स टॉयलेट चुकवू नका, गुलाबी संगमरवराची आहेत, बायकांनी काउंटरवर विचारून जावं. आणि कुठेही जा, दुपारी उघडल्या उघडल्या जा. तेव्हा गर्दी नसते, बाहेरचा उजेड काचेतून आत येतो आणि नक्षी नीट दिसते. हाफ पाइंट (बियरचा छोटा ग्लास) मागवा म्हणजे निवांत फिरलात तरी कोणी काही म्हणत नाही.